वूव्रेची वाइन निवडताना: सेक, दमी-सेक की पेतियां?

फ्रान्समध्ये लोआर नदीच्या उत्तर काठावर, तूर शहराच्या पूर्वेला वूव्रे हे गाव आहे. तेथील पांढऱ्या वाइनला 1936 पासून भौगोलिक नामांकन असून ती जवळजवळ पूर्णपणे शेनिन ब्लां या एकाच द्राक्षापासून तयार होते. द्राक्ष एक, गाव एक, आणि तरीही ड्राय, किंचित गोड, गोड आणि फसफसणारी अशी चार रूपे समोर येत असल्यामुळे पहिल्यांदा खरेदी करणारा माणूस गोंधळून जातो. हा निर्णय कसा घ्यावा हे सांगण्यासाठी ह्युएत कुटुंबाने उभ्या केलेल्या दोमेन ह्युएत या वाइनरीचे उदाहरण घेतो. 1928 मध्ये सुरू झालेल्या आणि सुमारे 30 हेक्टर बागांवर चालणाऱ्या या वाइनरीत ही सर्व रूपे एकाच छताखाली मिळतात.

सेक म्हणजे ड्राय वाइन. तिच्यात साखर लिटरमागे साधारण 8 ग्रॅमच्या आत असते आणि शेनिनचा मूळचा तीव्र आंबटपणा उघडपणे जाणवतो. दोमेन ह्युएतच्या तीन बागा आहेत. ल ओ-लियो या बागेतील माती अधिक खोल आणि चिकण असल्यामुळे तिथली वाइन लवकर मोकळी होते. ल मों येथील जमीन दगडाळ, त्यामुळे तिथली सेक सुरुवातीला घट्ट मिटलेली वाटते आणि काही वर्षे थांबल्यावरच खुलते. क्लो द्यु बूर येथे चुनखडीच्या खडकावर मातीचा थर पातळ आहे, पण वाइनला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, भरपूर असते. लवकर उघडायची बाटली हवी असेल तर ल ओ-लियो घ्यावी. ल मोंची ताजी बाटली आजच्या जेवणासाठी घेणे म्हणजे तिचे नुकसान करणे होय.

सेकची खरी सोबत स्थानिक बकरीच्या दुधाच्या चीजशी आहे. सँत-मोर द तुरेन हे लांबट, राखेने माखलेले चीज असते आणि त्याच्या मधून राय या धान्याच्या ताटाची एक काडी आरपार गेलेली असते. चकती कापली की सालीलगतचा भाग लोण्यासारखा मऊ आणि मधला भाग किंचित भुसभुशीत लागतो. त्या खारट-आंबट चवीबरोबर सेकचा आंबटपणा अजिबात भांडत नाही, उलट जिभेवरची चरबी धुऊन टाकतो. लाल वाइन इथे सपशेल हरते, असे माझे ठाम मत आहे. शाकाहारी वाचकांनी मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी: फ्रान्समधील पारंपरिक चीजमध्ये दूध विरजवण्यासाठी बहुधा वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. मासे खाणाऱ्यांसाठी नदीतल्या ‘सांद्र’ (झँडर) नावाच्या माशावर घातलेला बर ब्लां, म्हणजे कांद्याच्या जातीतील शालो आणि व्हिनेगर घालून केलेला लोण्याचा सॉस, हा सेकचा दुसरा उत्तम जोडीदार आहे.

पेतियां ही हलकी फसफसणारी वाइन. तिच्या बाटलीतील दाब शँपेनच्या निम्म्याहूनही कमी असतो, त्यामुळे बुडबुडे तोंडात टोचत नाहीत आणि द्राक्षाची चव मागे पडत नाही. बुडबुडे बाटलीतच तयार होतात आणि वाइन यीस्टच्या गाळावर बराच काळ विसावते. त्यातूनच पावाच्या सालीसारखा वास येतो. लेबलवर ‘ब्रूत’ लिहिलेले पाहून ही सेकपेक्षा अधिक ड्राय असेल असे अनेकांना वाटते, पण फसफसणाऱ्या वाइनसाठी युरोपीय नियमांत ब्रूत या शब्दाखाली लिटरमागे 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, आणि बुडबुड्यांच्या धारेमुळे ती सहसा जाणवत नाही. जेवणाआधी, तसेच खारट आणि स्निग्ध खाण्याबरोबर तिचा उपयोग सर्वाधिक आहे. तूरच्या परिसरात डुकराच्या मांसाचे रियेत पावावर पसरून तिच्याबरोबर खातात. लंडन किंवा पॅरिसमध्ये राहणाऱ्या मराठी घरात कोथिंबीर वडी किंवा बटाटवडा तळला जात असेल, तर तिथेही हीच बाटली काढावी, कारण तळणीचा तेलकटपणा बुडबुडे आणि आंबटपणा मिळून लीलया उतरवतात.

आता दमी-सेक. ही किंचित गोड वाइन अनेकजण ‘ना धड ड्राय, ना धड गोड’ म्हणून बाजूला ठेवतात, आणि मला याचे मनापासून वाईट वाटते. शेनिनमध्ये आंबटपणा इतका असतो की ती साखर चिकट न लागता गोलाई देते; नासपती, मध आणि मेणाचा वास येतो आणि घोट संपल्यावर तोंड पुन्हा स्वच्छ होते. सायीचा सॉस घातलेली कोंबडी, अळंबी, भोपळ्याचे सूप अशा मूळच्या गोडसर पदार्थांबरोबर सेक कडक वाटते, तिथे दमी-सेक नेमकी बसते. तिखटाच्या बाबतीत तर तिला तोडच नाही. ओल्या खोबऱ्याचे आणि मिरचीचे वाटण असलेल्या कालवणाबरोबर ड्राय वाइनमधील अल्कोहोल तिखटाची आग वाढवते, तर दमी-सेकमधील साखर ती शमवते आणि तिचा आंबटपणा कोकमाच्या आंबटाशी जुळतो.

नाशिकची शेनिन ब्लां ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांनी तोच अंदाज इथे लावू नये. सुलाने 2000 मध्ये आपल्या पहिल्या वाइनपैकी एक म्हणून शेनिन बाजारात आणली आणि आज ते द्राक्ष नाशिककरांच्या अंगवळणी पडले आहे. पण तिथे काढणी हिवाळ्यात आणि त्याच्या अखेरीस होते आणि वाइन बहुतेक ताजीच प्यायली जाते. वूव्रेत थंड हवेमुळे द्राक्षे हळूहळू पिकतात, तोडणी कधी नोव्हेंबरपर्यंत लांबते आणि आंबटपणा टिकून राहतो. म्हणूनच वूव्रेची दमी-सेक दहा-वीस वर्षेही ठेवता येते.

म्वालो ही गोड वाइन चांगल्या पिकाच्या वर्षीच होते, तिच्यासाठी पिकलेले घड अनेक फेऱ्यांत वेचावे लागतात आणि म्हणून ती महाग असते. सफरचंदाच्या तार्त तातँबरोबर किंवा निळ्या बुरशीच्या चीजबरोबर ती शोभते, पण रोजच्या जेवणासाठी तिचा विचार करू नये.

एकच बाटली घ्यायची असेल आणि ती जेवणाबरोबर प्यायची असेल, तर मी ल ओ-लियोची दमी-सेक घेईन. पाहुणे उभ्याने गप्पा मारत खाणार असतील तर पेतियां, आणि ताटात चीज किंवा मासे असतील तर सेक. पेतियां 8 ते 10 अंश सेल्सिअसला द्यावी, बाकीच्या 10 ते 12 अंशांना. फ्रीजमधून काढून लगेच ओतल्यास शेनिनचा वास मिटून जातो आणि जिभेवर निव्वळ आंबटपणा राहतो.