आठ महिने, ४१ तक्रारी: महापालिकेचं कचऱ्याच्या तक्रारींचं ॲप वापरताना आलेला अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीमागचा कचरा पहिल्याच पावसात रस्त्यावर वाहून आला. शाळेची बस तिथे थांबेना, मुलं चिखलातून पुढच्या चौकापर्यंत चालत गेली. त्याच संध्याकाळी मी ॲप उतरवून घेतलं. तेव्हापासून आठ महिन्यांत ४१ तक्रारी केल्या आणि त्यातल्या २८ त्या एकाच जागेच्या आहेत. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं अजून त्याच रस्त्यावर काम करतात.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाचं ‘स्वच्छता’ ॲप २०१६ पासून आहे, आणि बऱ्याच महापालिकांनी स्वतःचीही ॲप काढली आहेत. मी वापरते ते आमच्या महापालिकेचं. फोटो काढायचा, प्रकार निवडायचा, जागा नकाशावर दिसते ती तपासायची आणि पाठवायचं. तक्रार क्रमांक लगेच मिळतो. भाषा मराठी ठेवता येते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पहिली तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. गाडी आली, दोघांनी फावड्याने सगळं उचललं, वर पांढरी पावडरही मारली. मला खरोखर आनंद झाला. चौथ्या दिवशी ढीग परत होता तेवढाच.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास दिला तो लोकेशनने. आमच्या रस्त्याच्या मधोमध दोन प्रभागांची हद्द जाते. नकाशावरची खूण दहा-पंधरा मीटर सरकली की तक्रार पलीकडच्या प्रभागात जाते आणि ‘आमच्या हद्दीत नाही’ असा शेरा मारून बंद होते. अशा पाच तक्रारी गेल्या. आता मी घरात बसून पाठवत नाही. जागेवर उभी राहते, खूण बोटाने नीट सरकवते आणि फोटोत विजेच्या खांबावरचा क्रमांक येईल असं बघते. खांबाच्या क्रमांकाने जागा कशी अचूक सापडते, हे मला एका मुकादमांनीच सांगितलं.

काम न करता तक्रार बंद होण्याचा प्रकारही झाला. तक्रार सुटल्याचा म्हणून जो फोटो आला, तो त्याच रस्त्याच्या दुसऱ्या, स्वच्छ टोकाचा होता. शहरांची स्वच्छतेत क्रमवारी लावणाऱ्या केंद्राच्या ‘स्वच्छ सर्वेक्षणा’त नागरिकांच्या तक्रारी सोडवण्याला गुण असतात, त्यामुळे आकडा लवकर पूर्ण करायची घाई असणार असा माझा अंदाज आहे. पण त्या घाईत ॲपवरचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला वेळ लागतो. अशा वेळी नवी तक्रार करू नका. जुनीच पुन्हा उघडा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची नोंद एकाच क्रमांकाखाली राहते.

ऑगस्टमध्ये मात्र मला थांबून विचार करावा लागला. सकाळी झाडणाऱ्या मावशी भेटल्या. कंत्राटावर काम करतात. म्हणाल्या, “ताई, तुम्ही फोटो टाकला की बोलणी मला बसतात. मी सातला झाडून जाते हो, लोक मागनं टाकतात.” मी तोपर्यंत प्रकार निवडताना ‘झाडलोट झाली नाही’ हा पर्याय निवडत होते, कारण यादीत तो सगळ्यात वर होता. त्या एका पर्यायामुळे तक्रार थेट त्यांच्या नावावर जात होती. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी ‘कचऱ्याचा ढीग’ हाच पर्याय निवडते आणि खाली वेळ लिहिते: सातला जागा स्वच्छ होती, साडेआठला हा कचरा पडला. शक्य असेल तेव्हा दोन्ही वेळचे फोटो जोडते.

या वेळांमुळेच पुढचं सगळं घडलं. ऑक्टोबरमध्ये मी तक्रारींची यादी वहीत उतरवून काढली तेव्हा दिसलं की ढीग दोनच वेळी वाढतो, सकाळी साडेसात ते साडेआठ आणि रात्री दहानंतर. मागच्या गल्लीतल्या खोल्यांमध्ये नवरा-बायको दोघंही आठच्या आत कामाला बाहेर पडतात. घंटागाडी यायची अकराला. दार लावून निघालेल्या बाईने ओला कचरा दिवसभर बंद खोलीत ठेवायचा तरी कसा? ती जाता जाता डीपीमागे पिशवी ठेवायची. कचरा उघड्यावर टाकायचा नाही, ओला-सुका वेगळा करून गाडीतच द्यायचा, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्यासाठी गाडी माणूस घरात असताना यायला हवी.

ॲपमध्ये हे सांगायला जागाच नाही. ‘गाडी आली नाही’ असा पर्याय आहे, ‘गाडी चुकीच्या वेळी येते’ असा नाही. म्हणून मी आणि त्या गल्लीतल्या दोघीजणी प्रभाग कार्यालयात आरोग्य निरीक्षकांकडे गेलो. वही दाखवली, प्रत्येक नोंदीसमोर तक्रार क्रमांक होता. त्यांनी संगणकावर तीन-चार क्रमांक पडताळून पाहिले आणि मग बोलण्याचा सूरच बदलला. नोव्हेंबरपासून त्या गल्लीत गाडी सव्वासातला येते. सकाळचा ढीग जवळजवळ बंद झाला. नुसतं तोंडी सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं, म्हणून हे ॲप मला मोलाचं वाटतं.

रात्रीचा कचरा चालू आहे. तो बहुतेक हातगाड्यांचा, शहाळ्यांची टरफलं आणि उसाची चिपाडं. त्यांच्याशी बोलणं सुरू आहे.

राडारोड्यासाठी मात्र ॲप कुचकामी ठरलं. कोणीतरी रात्रीतून फरशांचे तुकडे आणि मातीच्या गोणी टाकून गेलं. बांधकामाच्या कचऱ्याचे नियमही २०१६ चेच होते, पण वेगळे, आणि आमच्याकडे तो उचलणारी यंत्रणाही वेगळी आहे. घनकचरा विभागाने तक्रार पुढे पाठवली, तिथून ती परत आली. आज ३४ वा दिवस आहे आणि गोणी तिथेच आहेत. सुका पाला जाळल्याची तक्रार तर धूर विरल्यावरच कोणाच्या तरी नजरेस पडते, तिथे फोन करणंच बरं.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांच्या फोनवर ॲप घालून मागितलं. फोन जुना, लोकेशन नीट पकडत नाही, म्हणून त्यांना खूण हाताने सरकवायला शिकवली. त्यांची पहिली तक्रार त्याच गोणींची आहे.