केबल सोडल्यानंतर वर्षभराने: बचत झाली, आकड्यांची बटणे गेली

ज्या स्ट्रीमिंग सेवेच्या भरवशावर आम्ही केबल बंद केली, तिच्याच दरवाढीची सूचना या महिन्यात आली आणि केबल सोडून नेमके किती वाचले, हा प्रश्न घरात पुन्हा निघाला. केबल बंद करून आता वर्ष उलटून गेले आहे. पहिल्या महिन्यात जो तो उत्साहाने बचतीचे आकडे सांगत सुटतो. पण खरा हिशोब सुरुवातीच्या सवलतींची मुदत संपल्यावर, सेवांचे दर एकदा वाढून गेल्यावर आणि घरातल्या प्रत्येकाची तक्रार ऐकून झाल्यावरच मांडता येतो. स्टिक, म्हणजे टीव्हीला जोडून त्यावर स्ट्रीमिंग दाखवणारे छोटे उपकरण, कशी जोडावी आणि कोणत्या सेवेवर काय दिसते हे वाचकांना ठाऊक आहे असे धरून पुढचे लिहीत आहे.

केबलच्या बिलात वाहिन्यांचे शुल्क, सेट-टॉप बॉक्सचे भाडे, दुसऱ्या खोलीतल्या बॉक्सचे वेगळे भाडे आणि या सगळ्यावरचा कर अशा अनेक रकमा असतात. त्या सगळ्या वजा झाल्या हे खरे. मात्र इंटरनेटही त्याच कंपनीचे होते आणि दोन्ही सेवा एकत्र घेतल्याबद्दल मिळणारी सूट पुढच्याच बिलातून नाहीशी झाली. इंटरनेटचा दर कागदोपत्री वाढला नव्हता, फक्त सवलतीची एक ओळ गळाली होती, आणि त्या एका ओळीने अपेक्षित बचतीचा चांगला लचका तोडला. केबल बंद करण्याचा विचार असेल तर त्या आधी कंपनीला केवळ इंटरनेटचा दर लेखी विचारावा. फोनवर सांगितलेला दर आणि बिलावर छापून आलेला दर यांची आमच्याकडे तरी गाठ पडली नाही.

दुसरा खर्च डेटाचा. केबलच्या तारेतून सगळ्या वाहिन्या सगळ्या घरांना एकाच वेळी येतात, त्यामुळे टीव्ही दिवसभर चालू राहिला तरी कोणाचे काही जास्त जात नाही. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र प्रवाह सोडावा लागतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार एचडी चित्राला ताशी 3 जीबीपर्यंत आणि 4के चित्राला ताशी 7 जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज 5 तास एचडी चालू राहिले, तर महिन्याकाठी 450 जीबी झाले. आमच्या घरात टीव्ही बघितला जातो त्यापेक्षा चालू जास्त असतो, त्यामुळे इंटरनेटच्या वापरमर्यादेशी आमची लवकरच ओळख झाली. आतल्या खोलीतल्या लहान टीव्हीवर चित्राचा दर्जा सेटिंगमध्ये जाऊन कमी केला. त्या आकाराच्या पडद्यावर फरक कोणाच्याही लक्षात आला नाही, आणि वरची योजना घेण्याचा खर्च टळला.

इथपर्यंतचे सगळे सोसण्यासारखे होते. मला ज्या गोष्टीवर लिहायचे आहे ती वेगळी आहे: नव्या रिमोटवर आकडे नाहीत.

सासूबाईंना केबलवरच्या सगळ्या आवडत्या वाहिन्यांचे क्रमांक पाठ होते. चष्मा न लावता, अंधारातही, त्या अंगठ्याने 5 च्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपायच्या आणि तिथून वर-खाली मोजत तीन आकडे दाबायच्या, की वाहिनी लागलेली असायची. तो उंचवटा कशासाठी असतो याचा मी कधी विचारही केला नव्हता. स्टिकबरोबर आलेल्या रिमोटवर एक गोल कडे, मागे जाण्याचे बटण, घराचे चित्र असलेले बटण, आवाजाची बटणे आणि खाली चार सेवांच्या नावांची चार ठसठशीत बटणे आहेत, ज्यांपैकी तीन सेवा आम्ही घेतलेल्याच नाहीत. जाहिरातीला जागा मिळाली, आकड्यांना मिळाली नाही. आता बातम्या लावायच्या तर टीव्ही चालू करायचा, मुख्य पान येईपर्यंत थांबायचे, ॲप उघडायचे, "कोण पाहत आहे" या चौकशीला उत्तर द्यायचे, मग थेट प्रक्षेपणाच्या रांगेत जाऊन उजवीकडे सरकत राहायचे. त्यातही मध्येच एखाद्या चित्रावर क्षणभर थांबले, की त्याची झलक आपोआप मोठ्याने सुरू होते. "अगं, मला नुसत्या बातम्या लावून दे ना," हे वाक्य आमच्या घरात आता घड्याळाच्या काट्याप्रमाणे ऐकू येते, आणि ज्या बाईंना टीव्हीसाठी कधी कोणाची मदत लागली नव्हती त्यांना ती रोज मागावी लागते.

यावर आवाजाने शोधण्याची सोय आहे, असे कोणी सुचवेल. ती वापरून पाहिली. वाहिनीचे नाव सांगितले की त्या वाहिनीच्या जुन्या मालिकांची यादी समोर येते, चालू प्रक्षेपण तेवढे येत नाही. दुपारी टीव्ही लावून डुलकी घेण्याच्या सासूबाईंच्या सवयीलाही नव्या व्यवस्थेत जागा नाही. ठरावीक वेळ बटण दाबले गेले नाही, तर पडद्यावर "तुम्ही अजून पाहत आहात का?" अशी पाटी येते आणि आवाज थांबतो, आवाज थांबला की त्या जाग्या होतात. केबलने असली उलटतपासणी कधीच केली नव्हती.

माझ्या मते हा प्रश्न केवळ वयस्कर माणसांचा नाही. केबलचा टीव्ही लावला की काहीतरी आधीच चालू असायचे आणि आपण त्यात मध्येच सामील व्हायचो. स्ट्रीमिंग दर वेळी निवड करायला लावते. दिवसभराच्या कामानंतर पुन्हा निवड करत बसण्याची ज्यांना आवड आहे त्यांना ही सोय वाटत असेल, मला तो आणखी एक उद्योग वाटतो. पहिले काही महिने तर मी केबल परत घेण्याच्या बाजूने होते.

त्यात स्टिक बिघडली. चित्रपट रंगात आलेला असताना पडदा काळा व्हायचा आणि कंपनीचे चिन्ह झळकून सगळे नव्याने सुरू व्हायचे. ग्राहक सेवेच्या माणसाने ती मूळ स्थितीत आणायला सांगितली, म्हणजे सगळे पासवर्ड पुन्हा घालणे आले. तेही केले, पण दुखणे गेले नाही. कारण शेवटी वीजपुरवठ्यात सापडले. स्टिक टीव्हीच्या यूएसबी खोबणीतून वीज घेत होती, आणि साध्या यूएसबी 2.0 खोबणीतून प्रमाणानुसार 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर, म्हणजे 2.5 वॅट एवढेच मिळते. जड चित्र उलगडताना स्टिकला त्याहून जास्त लागते, आणि ते मिळाले नाही की ती मान टाकते. खोक्यातला ॲडॉप्टर भिंतीच्या सॉकेटला लावल्यापासून एकदाही तक्रार नाही. हे एक वाक्य ग्राहक सेवेला पहिल्याच फोनवर सांगता आले असते.

माझे मत बदलले ते मात्र अँटेनामुळे. अँटेना म्हणजे जुन्या काळची अडगळ, अशीच माझी समजूत होती आणि केवळ खर्च फारसा नाही म्हणून मी तो प्रयोग करू दिला. जिथे डिजिटल भूप्रक्षेपण, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून टीव्हीचे प्रक्षेपण, होते तिथे काही वाहिन्या हवेतून फुकट मिळतात; युरोपात डीव्हीबी-टी आणि टी2, अमेरिकेत एटीएससी, जपानमध्ये आयएसडीबी-टी अशा पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे आपल्या टीव्हीतला ट्यूनर, म्हणजे वाहिन्या पकडणारा भाग, आपल्या भागातल्या पद्धतीचा आहे ना, एवढे आधी पाहावे लागते. खोक्यावर शेकडो किलोमीटरच्या पल्ल्याचे दावे छापलेले असतात, त्यांकडे लक्ष देऊ नये. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे एरवी 100 किलोमीटरच्या आसपास त्यांचा पल्ला संपतो. किमतीपेक्षा अँटेना किती उंचावर आहे आणि त्याचे तोंड मनोऱ्याकडे आहे का, यावर सगळे ठरते.

काटकसरी माणसाला सुखावणारी गोष्ट अशी की केबल कंपनीने भिंतीतून फिरवलेली 75 ओहमची कोॲक्सिअल तार अँटेनासाठी जशीच्या तशी चालली. ती बाहेरच्या लाइनपासून पूर्णपणे सोडवून घ्यावी लागते, कारण दोन्हीकडचे सिग्नल एकमेकांत मिसळणे कोणाच्याच हिताचे नसते. तरीही सुरुवातीला निम्म्या वाहिन्यांचे चित्र चौकोनी तुकडे होऊन गोठत होते. जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणात सिग्नल कमी पडला की मुंग्या दिसायच्या, पण कार्यक्रम कळायचा. डिजिटलमध्ये चित्र स्वच्छ येते किंवा येतच नाही. तारेचा माग काढत गेल्यावर माळ्यावर धुळीत बसलेला एक स्प्लिटर सापडला, अंगठ्याएवढी धातूची डबी, एक तोंड आत आणि दोन बाहेर. ही डबी सिग्नल दोन वाटांत विभागते आणि प्रत्येक वाटेवर साधारण 3.5 डेसिबल, म्हणजे निम्म्याहून थोडा अधिक सिग्नल घटतो. तिची दुसरी वाट कोठेच जात नव्हती, ती भिंतीपाशी कापून सोडून दिलेली होती. डबी काढून तारेची दोन टोके थेट जोडली आणि चित्र स्थिर झाले.

टीव्हीचा मूळ रिमोट, जो केबलच्या काळात खणात पडून होता, तो आता बाहेर आला, आणि त्यावर आकडे आहेत. भूप्रक्षेपणाबरोबर वाहिन्यांचे क्रमांकही येतात, त्यामुळे टीव्ही त्या आपोआप क्रमाने लावतो. सासूबाईंनी नवे क्रमांक आठवड्याभरात पाठ केले. त्यांच्या जुन्या वाहिन्यांपैकी थोड्याच तिथे आहेत आणि त्याबद्दल त्या अधूनमधून बोलून दाखवतात. पण बातम्यांसाठी आता कोणाला हाक मारत नाहीत, आणि दुपारच्या झोपेत कोणी चौकशी करत नाही.

थेट सामने पाहणाऱ्यांसाठी एक इशारा द्यायला हवा. स्ट्रीमिंगमध्ये चित्र तुकड्यातुकड्यांनी येते. ॲपलच्या एचएलएस या स्ट्रीमिंग पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा सुचवलेला आहे, आणि प्लेअर अखंडतेसाठी असे काही तुकडे आधी साठवून मगच दाखवू लागतो, त्यामुळे मैदानावर घडलेली गोष्ट पडद्यावर पोहोचेपर्यंत वीस-तीस सेकंद सहज जातात. तेवढ्यात फोनवर निकालाचा संदेश येऊन पडतो. हा उशीर कमी करणाऱ्या पद्धती आल्या आहेत, पण सगळ्या सेवा त्या वापरत नाहीत. ज्या घरात टीव्ही मुख्यतः सामन्यांसाठीच आहे, त्यांनी केबल सोडण्याची घाई करू नये, कारण खेळांचे हक्क वेगवेगळ्या सेवांत वाटले गेलेले असतात आणि त्या सगळ्या घेतल्या की बचत उरत नाही.

आता दरवाढीकडे. नेटफ्लिक्सने 2022 च्या नोव्हेंबरात जाहिरातींसह स्वस्त योजना आणली आणि 2023 मध्ये घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर बहुतेक देशांत बंधने घातली. त्यानंतर इतर सेवाही त्याच वाटेने गेल्या. म्हणजे जाहिराती नकोत म्हणून पैसे भरा, दुसऱ्या घरासाठी पुन्हा भरा, आणि चार सेवांची बेरीज करा, की केबलचे जुने बिल तुकड्यांत परत आलेले दिसते. यातून सुटण्याचा आमच्यापुरता मार्ग असा, की एका वेळी एकच सेवा ठेवायची, पाहण्यासारखे संपले की ती बंद करून दुसरी घ्यायची, आणि वार्षिक योजनेच्या सवलतीला भुलायचे नाही. केबलचा करार असा महिन्यागणिक चालू-बंद करता येत नव्हता, आणि माझ्या हिशोबात खरी बचत इथेच आहे. दरवाढीची सूचना देणारी सेवा त्यामुळे या महिन्याअखेर बंद होईल. सगळे धरून आम्ही आज पूर्वीच्या केबलखर्चाच्या निम्म्याहून थोडे कमी भरतो. मुलांचा आग्रह मान्य करून दोन सेवा एकदम ठेवल्या त्या महिन्यांत मात्र वाचलेली रक्कम सांगण्यासारखी नव्हती.

टीव्हीतच असलेल्या ॲपवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की पडदा दहा वर्षे टिकतो, ॲप टिकेलच असे नाही. 2019 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्स काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि रोकू या कंपनीच्या जुन्या स्ट्रीमिंग उपकरणांवर चालेनासे झाले, आणि ते टीव्ही काही नादुरुस्त नव्हते. स्टिक बदलणे त्या मानाने स्वस्त पडते.

राहिला प्रश्न केबल बंद करण्याच्या प्रक्रियेचा, जी सुरू करण्याच्या प्रक्रियेहून कितीतरी लांब आहे. फोनवर आधी सवलत देऊ करतात, मग वरिष्ठांशी बोलायला लावतात, मग अर्ज लेखी हवा असे सांगतात. बॉक्स परत करताना त्याचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र काढावे आणि तारीख घातलेली पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. बॉक्स "मिळाला नाही" म्हणून त्याचे भाडे आमच्या नावावर पुढेही लागत राहिले, आणि पावतीची प्रत पाठवल्यावरच ते थांबले. अनामत रक्कम अजून "प्रक्रियेत" आहे.