डिस्चार्ज पेस्ट उत्तम, पुडीतली पावडर मात्र तपासून घ्या

ढोल-पथकाच्या काळ्या टी-शर्टवर प्लास्टिसॉल या प्लास्टिकच्या शाईचा मोठा ठसा मारला की छातीवर रबराचा पत्रा बांधल्यासारखं होतं. डिस्चार्ज छपाईत कापडाचाच रंग काढला जातो, त्यामुळे वर थर जवळजवळ बसतच नाही. नाशिकमध्ये सुट्या मालात मिळणारा एक किलो पेस्ट आणि ६० ग्रॅम झिंक सल्फॉक्सिलेट (रंग काढणारी पावडर, पुडीत येते) हा जोड त्यासाठी घ्यावा का? पेस्ट बेलाशक घ्यावी.

पेस्ट गुळगुळीत आहे, १२० मेशच्या छपाईच्या जाळीतून एका ओढीत उतरते. उष्णता लागली की काळा रंग आधी तपकिरी पडतो, मग मांजरपाटासारखा पिवळसर पांढरा होतो. धुतल्यावर डोळे मिटून बोट फिरवा, छपाई कुठे सुरू झाली ते कळत नाही. शुभ्र पांढरा हवा असेल तर पांढरं पिगमेंट घालावं लागतं, मग स्पर्श थोडा खरखरीत होतो.

तक्रार पुडीची आहे. पातळ पिशवी, वर रबरबँड, तारीख नाही. ही पावडर रंगाचा रेणू तोडते, पण दमट हवेत स्वतःच मरते. नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये तर लवकरच. भुरभुरीत असेल तरच घ्या. खडे झाले असतील तर ताकद गेली. ताजी पावडरही प्रमाणाबाहेर टाकली तर नक्षीच्या कडेला फिकट वलय येतं.

प्रमाण ६ टक्के: पाव किलो पेस्टला १५ ग्रॅम, विरघळेपर्यंत ढवळून. मिश्रण सहा-आठ तासच टिकतं, म्हणून लागेल तेवढंच कालवा. भाजणं १६० अंशांवर दोन ते तीन मिनिटं, आणि हे तापमान कापडाचं, यंत्राच्या काट्यावरचं नव्हे. ओल असेपर्यंतच काम चांगलं होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छापलेले शर्ट दोरीवर खोळंबले तर रंग ठिपक्याठिपक्यांनी निघतो. हीट प्रेस (गरम पाटाचं दाबयंत्र) आधी कापडापासून सेंटिमीटरभर वर धरा, वाफ जाऊ द्या, मग हलकेच टेकवा. वास उग्र येतो, फॉर्मल्डिहाइडही सुटतं. एक्झॉस्ट पंख्याशिवाय हे काम करूच नये. शर्ट धुऊनच ग्राहकाला द्यावा.

कापड शंभर टक्के सुती आणि रिअ‍ॅक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगाचं हवं. फिरोजी आणि सल्फर ब्लॅक (गंधकयुक्त काळा) हे रंग दाद देत नाहीत, पॉलिस्टर मिश्रणात रंग अर्धवट राहतो. कापडाच्या प्रत्येक नव्या लॉटचा दोन इंची तुकडा आधी छापून, इस्त्री फिरवून बघा.

दुकानदार पुडी बदलून देत नसेल तर पेस्ट तिथून घ्या आणि पावडर सीलबंद डब्यातली दुसरीकडून आणा.