लॉर्डी, अख्खा हिवाळाभर: मुखवटे न बघता ऐकल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते: लॉर्डी, म्हणजे राक्षसांचे मुखवटे घालून वाजवणारा फिनलंडचा हार्ड रॉक बँड, रोज ऐकता येतो, पण सगळा नाही. पहिले तीन अल्बम खणखणीत. पुढचे निवडून घ्यावेत.

मी फिनलंडमधल्या एस्पोत राहते. हिवाळ्यात सकाळी अंधार, संध्याकाळी अंधार, आणि मधे मेट्रो. त्या मेट्रोत कानात काय घालायचं, एवढाच प्रश्न होता. इथे लॉर्डीचं नाव काढलं की लोक हसतात आणि लगेच २००६ च्या गोष्टी सांगायला लागतात. मी एक पथ्य पाळलं: व्हिडिओ बघायचे नाहीत, नुसतं ऐकायचं. शिंगं, पंख, लेटेक्सचे चेहरे बाजूला काढले तर खाली काही उरतं का, हे बघायचं होतं.

उरतं, आणि बरंच उरतं. बँडची सुरुवात १९९२ची, लॅपलँडमधल्या रोव्हानिएमीची. बँडचा गायक मिस्टर लॉर्डी म्हणजे टोमी पुटान्सू. मुखवटे आणि पोशाख हा माणूस स्वतःच बनवतो. पण पहिला अल्बम बाजारात यायला २००२ उजाडलं. त्या वर्षी ‘वुड यू लव्ह अ मॉन्स्टरमॅन?’ हे गाणं फिनलंडमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मागोमाग ‘गेट हेवी’ आला. दहा वर्षं गाणी मुरत पडल्याचा फायदा या अल्बममध्ये ऐकू येतो. भरताड जवळजवळ नाही. दुसऱ्याच ऐकण्यात धृपद तोंडात बसतं आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये नको तेव्हा बाहेर येतं.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. या बँडपुरतं पैशाच्या जागी चाल घाला. ‘हार्ड रॉक हालेलुया’ नीट कान देऊन ऐका. कडव्यात गिटार खाली घुमतं, आवाज घशातून खरवडून काढलेला, आणि धृपदाशी येताच कीबोर्ड वर उठतो आणि सगळं एकदम उजळतं. खरखर काढून टाकली तर हे सरळसरळ समूहगीत आहे. युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत फिनलंड १९६१ पासून उतरत होता. सर्वांत वरचा क्रमांक सहावा, तोही १९७३ मध्ये, आणि तीनदा तर शून्य गुण. मे २००६ मध्ये अथेन्सला या राक्षसांनी २९२ गुण घेतले. तोवर एवढे कुणालाच मिळाले नव्हते. तिथे वाद्यं ध्वनिमुद्रित असतात, गळा मात्र खराच लागतो. म्हणजे मुखवट्याआडून तो माणूस खरोखर गात होता. काही दिवसांत हेलसिंकीच्या कउप्पातोरी चौकात हजारोंच्या गर्दीने हेच गाणं एकत्र म्हटलं. नुसत्या पोशाखाच्या जोरावर लोक असे गळा मोकळा सोडून गात नाहीत.

हे गाणं ज्यात आहे तो ‘दि अरॉकॅलिप्स’ हा अल्बम माझ्याकडे सर्वांत जास्त वाजला. ‘इट स्नोज इन हेल’ या संथ गाण्यात गिटारवादक ब्रूस कुलिकचं सोलो आहे. मिस्टर लॉर्डी किस या चेहरे रंगवून वाजवणाऱ्या अमेरिकन रॉक बँडचा कट्टर भक्त, आणि कुलिक किसमध्ये आला तो नेमका त्यांनी रंग पुसल्यानंतरच्या वर्षांत! सोंगाच्या भक्ताला वाजवायला मिळाला तो बिनरंगाचा किसवाला. सोलो मात्र अप्रतिम. बाहेर बर्फ पडत असताना ऐकलं की नावातला विनोदही पटतो.

आता तक्रारी. शब्दांच्या कोट्यांचा लवकरच कंटाळा येतो. जवळपास प्रत्येक अल्बमच्या नावात एक, गाण्यांच्या नावांत आणखी चार. ‘डेडएक’ या चौथ्या अल्बमपासून साचा जाणवायला लागतो: भयपटातला आवाज, मग रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी तान), मग धृपद. सलग ऐकलं तर कुठलं गाणं कुठल्या अल्बमचं, ते सांगता येत नाही. मधल्या काळातले अल्बम मी दोन स्टेशनांत बदलून टाकले आहेत.

तेवढ्यात २०२१ची ‘लॉर्डिव्हर्सिटी’ हाती लागली. एकाच वेळी सात अल्बम, आणि प्रत्येक जणू वेगळ्या काळात मुद्रित केलेला. एक सत्तरच्या दशकातला हार्ड रॉक, एक चक्क डिस्को, एक थ्रॅश, म्हणजे सुसाट वेगाचा मेटल. सातही ऐकायला रजा टाकावी लागेल. पण डिस्कोवाला ‘सुपरफ्लायट्रॅप’ माझ्या शनिवारच्या साफसफाईचा कायमचा सोबती झाला आहे. चाली बांधण्याची खुमखुमी तिथे मोकळी सुटते. इतकी वर्षं हा माणूस एकाच साच्यात का बसला, असा रागही येतो.

हिवाळा सरल्यावर पथ्य मोडून अथेन्सचं सादरीकरण पाहिलं. ठिणग्या, धूर, पाठीवर उघडणारे वटवाघळाचे पंख. मजा आली, नाही असं नाही. पण कान आधीच विकले गेले होते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी ‘गेट हेवी’ आणि ‘दि अरॉकॅलिप्स’ घ्यावेत, मग उडी मारून ‘सुपरफ्लायट्रॅप’. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, कीबोर्ड चिरका होतो. आणि घरात लहान मुलं असतील तर ‘सेक्सॉर्सिझम’ हा अल्बम इयरफोनवरच ठेवा.