घरातली खोली की भाड्याचा गाळा? संसारी चित्रकारासाठी तुलना

प्रदर्शनाची तारीख हातात आली की घरात चित्र काढणाऱ्या बहुतेकांना एकदा तरी वाटतं, आता बाहेर जागा घ्यावी. आणि बाहेर जागा असलेल्यांना त्याच सुमारास वाटतं, सगळं घरी असतं तर बरं. मी दोन्हीकडे काम केलंय. काही वर्षं पुण्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतीत गाळा होता. आता घरातल्या मागच्या खोलीत बसतो. दोन्ही ठिकाणी एकेक सोलो शो तयार झाला. तैलरंग, दोन बाय तीन फुटांपासून चार बाय पाचपर्यंतचे कॅनव्हास, नोकरी करणारी बायको, शाळेत जाणारी मुलगी, सोबत राहणारी आई. तुमची परिस्थिती साधारण अशी असेल तर पुढचं उपयोगी पडेल. शिल्पकार किंवा म्युरल करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे.

गाळ्याची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. मागे सरकायला जागा मिळते, यापेक्षा मोठं सुख चित्रकाराला नाही. चार बाय पाचचं चित्र बारा-पंधरा फुटांवरून बघितल्याशिवाय त्याचा तोल कळत नाही. घरात मी दार उघडून पॅसेजमध्ये जाऊन उभा राहतो. गाळ्यात भिंतीला हवे तितके खिळे ठोकता येतात, आठ-दहा कॅनव्हास एकाच वेळी ओले ठेवता येतात, टर्पेंटाइनच्या वासाची कुणाला अडचण नसते. टेम्पो थेट शटरपर्यंत येतो. घरी मोठा कॅनव्हास लिफ्टमध्ये बसत नाही, तो जिन्याने वळवत वळवत उतरवावा लागतो.

सोबत हाही गाळ्याचा मोठा गुण. आमच्या रांगेत एक प्रिंटमेकर होता आणि एक सिरॅमिक करणारी. दुपारच्या चहाला कुणीतरी येऊन चित्रासमोर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, तेवढ्याने अडलेलं काम सुटायचं. पन्नासच्या दशकात मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन, गायतोंडे हे चित्रकार काम करत आणि त्याच वास्तूत अल्काझींची नाटकाची मंडळी असत. अशा शेजारातून काय मिळतं हे ज्याने थोडंफार अनुभवलंय त्याला मी घराची बाजू पटवू शकणार नाही, आणि पटवू इच्छितही नाही.

उजेडाबाबत दोन्हीकडे सारखंच सांभाळावं लागतं. उत्तरेची खिडकी उत्तम, पण आपल्याकडे तीही बारा महिने स्थिर नसते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून सरळ आत येतं. पातळ पांढरा पडदा दोन्हीकडे लागतो. गाळ्यात बहुधा शटर आणि वरची झरोक्याची काच एवढाच उजेड, त्यामुळे चांगले रंग दाखवणारे दिवे लावणं आलंच.

खर्चाचं फार सांगत नाही. भाडं आणि डिपॉझिट तुम्ही धरलेलंच असेल. फक्त अकरा महिन्यांचा करार आणि व्यावसायिक दराचं वीजबिल विसरू नका.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती. दहा मिनिटांचं काम.

तैलरंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि प्रत्येक रंग आपल्या चालीने. बर्न्ट अंबर एक-दोन दिवसांत हाताला सुकलेला लागतो, त्याच्या शेजारचा आयव्हरी ब्लॅक किंवा ॲलिझरिन आठवडा उलटला तरी बोटाला चिकटतो. पावसाळी हवेत तर अंदाजच चुकतो. मी पारदर्शक पातळ थर एकावर एक चढवून काम करतो. एक थर द्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, कधी तेवढीही नाहीत. तो बसला की हात थांबवायचा आणि तो पुरता सुकेपर्यंत वाट बघायची. म्हणजे चित्राच्या शेवटच्या तिसऱ्या भागात कामाचे तास फार थोडे असतात, पण ते अनेक दिवसांवर पसरलेले असतात.

गाळा घरापासून बारा-तेरा किलोमीटरवर होता. सकाळच्या गर्दीत जाणं आणि संध्याकाळच्या गर्दीत येणं धरलं तर सहज दोन तास. तिथे पोचून कॅनव्हासला बोट लावावं, तर कडेचा काळा अजून ओला. मग दुसऱ्या चित्रावर काही करत बसायचं, कारण आलोच आहोत तर दिवस वाया का घालवायचा. आणि या ‘आलोच आहोत तर’मधून जे काम झालं त्यातलं बरंच नंतर पॅलेट नाइफने खरवडावं लागलं. ज्या दिवशी थर बरोबर सुकलेला असे, त्या दिवशी पंधरा मिनिटांत मुख्य काम संपे आणि उरलेला दिवस पुन्हा तसाच जाई. ते दोन तास कुठून येत होते? मुलीच्या अभ्यासातून, आईच्या दवाखान्याच्या फेरीतून, बायकोबरोबरच्या जेवणातून. चित्राला त्यातलं काही मिळत नव्हतं. वेळ मोठ्या कामासाठी खर्च झाला तर घरचे समजून घेतात, माझ्या घरच्यांनी घेतलाही. रस्त्यावर संपलेल्या वेळाबद्दल त्यांना काय सांगायचं, हे मला सुचत नसे.

घरी हेच काम सकाळी मुलीची स्कूलबस यायच्या आधी होतं. चहा घेता घेता बोट लावून बघायचं, सुकलंय म्हटलं की थर द्यायचा, ब्रश पुसायचा, डबा भरायला स्वयंपाकघरात जायचं. नसेल सुकलं, तर काहीच गेलं नाही. शिवाय येता-जाता चित्र दिसत राहतं. रात्री दिवा घालवायला गेल्यावर नजरेच्या कोपऱ्यातून दिसतं की डावीकडचा निळा पुढे येतोय. गाळ्यात हे कळायला पहिला अर्धा तास जायचा, आणि तरीही ती पहिली कोरी नजर मिळेलच असं नाही. मोजून सिद्ध करता येणार नाही, पण घरी केलेल्या चित्रांमधले रंगांचे संबंध मला अधिक पक्के वाटतात.

प्रदर्शन जवळ आलं की फरक आणखी वाढतो. मुंबईत जहांगीरसारख्या दालनाचं बुकिंग काही वर्षं आधी मिळतं, त्यामुळे तारीख लांब वाटते. पण तैलचित्राला पक्कं वार्निश निदान सहा महिन्यांनी द्यायचं हा हिशोब मांडला की ती बरीच अलीकडे सरकते. आणि शेवटच्या महिन्यात चित्र काढणं जवळजवळ नसतंच. फ्रेमवाला, फोटो, कॅटलॉगचा मजकूर, किमतींची यादी, लेबलं, पत्रिका, टेम्पो. हे सगळं टेबलावरचं आणि फोनवरचं काम, ते मी गाळा असतानाही घरीच करत होतो. कुणी माप विचारलं की चित्र तिकडे आणि मी इकडे. एकत्र असल्यावर हा ताण बराच कमी झाला. मुलीने लेबलं चिकटवायला घेतली, आईने कॅटलॉगचं शुद्धलेखन तपासलं. शो माझ्या एकट्याचा राहिला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी ‘ग्लो ऑफ होप’ या दिवा हातात घेतलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध जलरंगातल्या चित्रासाठी आपल्या मुलीलाच उभं केलं होतं. घरातली माणसं कामाच्या इतकी जवळ असण्याला आपल्याकडे चांगली परंपरा आहे.

घराच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यातली सर्वांत मोठी जागेची नाही. ‘घरीच तर आहेस’ ही आहे. गॅसचा सिलिंडर, पार्सल, पाहुणे, सोसायटीचा प्लंबर, सगळं घरी असणाऱ्याकडे येतं. गाळ्यात हे कुणी मागत नव्हतं. आम्ही यावर बसून बोललो आणि दिवसातले सलग तीन तास ठरवले. त्या वेळात दार बंद असलं तर आगीशिवाय हाक मारायची नाही. आईला हे पटायला वेळ लागला, पण आता शेजाऱ्यांना तीच परत पाठवते.

दुसरी अडचण विषारी वस्तूंची, आणि इथे सवलत नाही. टर्पेंटाइन मी घरात आणतच नाही. ब्रश आधी तेलाने पुसतो, मग साबणाने धुतो. कॅडमियम, कोबाल्टच्या ट्यूब कुलपात. लेड व्हाइट बंद, टायटॅनियमवर भागतं. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यात बुडवतो. घासकाम आणि वार्निश गच्चीवर, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवत नाही, मागून बुरशी धरते. रांगतं मूल घरात असेल तर मी स्वतः काही वर्षं घरी तैलरंग टाळले असते, ॲक्रिलिक केलं असतं.

तेव्हा गाळा कुणी घ्यावा? सहा फुटांपेक्षा मोठं काम करणाऱ्यांनी, स्प्रे किंवा वेल्डिंग करणाऱ्यांनी, ज्यांच्या घरात बंद होणारं एकही दार मोकळं नाही त्यांनी. एका बैठकीत ओल्या रंगावरच ओला रंग देत काम संपवणाऱ्यांनीही. त्यांना माझी दहा मिनिटांची अडचण येणारच नाही. गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहत आणि तिथेच काम करत, हे उदाहरण घराच्या बाजूने बरेचदा दिलं जातं. पण ते एकटे राहत, त्यामुळे आपल्यासारख्यांना ते फारसं लागू पडत नाही.

मधला मार्ग मिळाला तर तो सर्वांत चांगला: त्याच सोसायटीत किंवा चालत पाच मिनिटांवर एखादी रिकामी खोली. वास बाहेर, दार वेगळं, आणि सकाळचा थर चपला घालून देऊन येता येतो. मी अजून शोधतोय. ती मिळेपर्यंत मागची खोलीच मला बरी वाटते.

डिपॉझिट भरण्याआधी एक करून बघा. चालू चित्राच्या मागे कागद चिकटवा आणि प्रत्येक बैठक किती वेळाची झाली ते महिनाभर लिहा. बहुतेक बैठका दोन-तीन तासांच्या निघाल्या तर गाळा खुशाल घ्या. अर्ध्या तासाच्या आतल्या जास्त निघाल्या, तर ते पैसे घरातल्या खोलीच्या खिडकीवर, एक्झॉस्ट फॅनवर आणि चांगल्या दिव्यांवर घाला.