शिकागोच्या वाऱ्यात वेबर स्मोकी माउंटन: थंडी झेपते, वारा नाही झेपत

आधीच सांगतो, उन्हाळ्यातल्या वापराबद्दल मी इथे काहीच लिहिणार नाहीये. जून-जुलैमध्ये कुठलाही स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायची झाकणाची शेगडी) चांगलाच वाटतो, कोळसा पेटवा, व्हेंट म्हणजे हवेची झडप लावा आणि खुर्ची टाकून बसा. मला बोलायचंय नोव्हेंबर ते मार्चबद्दल, शिकागोच्या सबर्बमधल्या उघड्या बॅकयार्डबद्दल, जिथे आडोशाला एक झाड नाही, मागे तळं आणि तळ्यावरून थेट अंगावर येणारा वारा. स्मोकर वेबरचा स्मोकी माउंटन, 18 इंची, तो काळा उभा बुलेट टाइप. मित्रमंडळी दर हिवाळ्यात विचारतात की अरे बर्फात चालतो का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय.

चालतो. मस्त चालतो. बाहेर 20 फॅरनहाइट (इथले सगळे आकडे फॅरनहाइटमध्येच) असू दे नाहीतर 10, वारा पडलेला असेल तर कोळसा थोडा जास्त लागतो, बाकी काही फरक नाही. पण 35 डिग्री आणि वर 25 मैलाचा वारा असला ना, की वाट लागते. त्यामुळे वीकेंडचा प्लॅन करताना मी टेंपरेचर बघतच नाही, फक्त वाऱ्याचा स्पीड आणि गस्ट म्हणजे अचानक येणारे झोत बघतो.

कारण अगदी साधंय, पत्रा एकेरी आहे. वरचं पोर्सिलेन इनॅमल दिसायला दणकट पण आत स्टीलचा एकच थर, इन्सुलेशन काही नाही. हवा स्थिर असली की पत्र्याला लागून गरम हवेचा पातळ थर टिकून राहतो, वारा तो सतत उडवून लावतो. आणि तोच वारा खालच्या व्हेंटमधून आत शिरून लोहाराच्या भात्यासारखा निखारे फुलवतो. म्हणजे बाहेरून उष्णता पळतेय आणि आतून आग वाढतेय, काटा 225 वरून 300 ला जातो, झोत थांबला की परत खाली, आणि तुम्ही व्हेंट हलवला तरी परिणाम दिसायला 15-20 मिनिटं लागतात, तोपर्यंत वाऱ्याने दिशा बदललेली असते!

यात एक गंमत आहे. वेबरची ती प्रसिद्ध गोल केटल, म्हणजे झाकणाची कोळशाची शेगडी, निघाली तीच वाऱ्यामुळे. 1952 साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणारे जॉर्ज स्टीफन उघड्या शेगडीवर वाऱ्याने राख उडते म्हणून वैतागले होते, कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनायचे, त्यातलाच एक अर्धा कापून त्यांनी झाकणाची शेगडी केली. म्हणजे याच गावच्या वाऱ्याला वैतागून झाकण आलं. राखेचा प्रश्न सुटला, वाऱ्याचा पूर्ण नाही सुटला.

मग करायचं काय, तर आडोसा. बाकी सगळी अॅक्सेसरी नंतर. प्लायवूडच्या दोन-तीन फळ्या बिजागरीने जोडून पडद्यासारख्या उभ्या करा, स्मोकरपासून दोन-तीन फूट लांब, पायाशी विटा ठेवा नाहीतर पहिल्याच झोताला फळी स्मोकरवर पडेल. घराच्या भिंतीला चिकटवून ठेवायचा मोह होतो, नका ठेवू, इथल्या घरांचं व्हिनाइल सायडिंग (भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण) उष्णतेने वाकतं. आणि गॅरेजमध्ये तर अजिबात नाही, दार सताड उघडं ठेवूनसुद्धा नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही. थंडी वाजते तर जाड जॅकेट घाला.

काही लोक स्मोकरभोवती वेल्डिंगचं ब्लँकेट (आग न लागणारं जाड कापड) गुंडाळतात. फायदा होतो, पण व्हेंट झाकले जाणार नाहीत हे बघा आणि ते फायबरग्लासचं असेल तर हातमोज्यांशिवाय धरू नका, दिवसभर खाजत बसाल.

व्हेंटचं म्हणाल तर वरचा कायम पूर्ण उघडा, कंट्रोल खालच्या तीनवर. वाऱ्याकडच्या तोंडाचा पूर्ण बंद, आडोशाच्या बाजूचे दोन थोडे थोडे उघडे. स्मोकर ठेवतानाच तसा फिरवून ठेवा कारण गरम झाल्यावर फिरवणं म्हणजे उगाच रिस्क.

कोळसा आणि जाळीच्या मध्ये असतो त्या पाण्याच्या पॅनबद्दल माझं मत थोडं वेगळंय. कंपनी पाणी भरा म्हणते, उन्हाळ्यात बरोबर आहे, पाण्यामुळे टेंपरेचर फार वर जात नाही. पण एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण 540 किलोकॅलरी लागतात आणि त्या तुमच्याच कोळशातून जातात. आधीच वारा उष्णता ओढतोय, वर हे कशाला? मी हिवाळ्यात पॅन रिकामा ठेवतो, फॉइल लावून, तुपकट रस त्यात पडतो तेवढंच. पाणी हवंच असेल तर उकळतं ओता. आणि संपल्यावर त्याच रात्री फेका, नाहीतर सकाळी पॅनमध्ये बर्फाची लादी, त्यावर पिवळी चरबी गोठलेली, ती काढता काढता बोटं बधिर होतात. झाकणसुद्धा कडेच्या चरबीने चिकटून बसतं, तेव्हा हातोडी मारू नका, इनॅमलचा टवका उडेल, लाकडी उलथन्याने कडेकडेने हळूहळू सैल करा.

कोळसा ब्रिकेटच (दाबून केलेल्या एकसारख्या वड्या) घ्या, लम्प म्हणजे ओबडधोबड लाकडी कोळसा वाऱ्यात भराभर जळून जातो. पेटवायची पद्धत मिनियनचीच, म्हणजे कोळसा ठेवायची रिंग न पेटवलेल्या कोळशाने गच्च भरायची आणि वर थोडे पेटलेले टाकायचे, आग हळूहळू खाली सरकत जाते. उन्हाळ्यात डझनभर पेटलेले पुरतात, थंडीत मी त्याच्या दुप्पट-अडीचपट टाकतो. सुरुवातीला दाट पांढरा धूर येईल, तेव्हा मांस ठेवू नका, कडू होतं, धूर विरळ निळसर होऊ दे.

आणि चिमनी स्टार्टर (कोळसा पेटवायचा उभा पत्र्याचा डबा) पेटलेला असताना ती आग फुकट घालवू नका. इथे बहुतेक घरात काचेची इलेक्ट्रिक शेगडी, त्यावर वांगं भाजता येत नाही हे दुःख सगळ्यांना माहितीय. चिमनीच्या तोंडावर छोटी जाळी ठेवा, वर तेलाचं बोट फिरवलेलं वांगं, दहा-पंधरा मिनिटांत साल काळी कोळसा आणि आतून लोण्यासारखं. स्मोकरच्या 250 डिग्रीत ते नुसतं मऊ पडतं, साल करपत नाही, भरताला ती मजा येत नाही. कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून तेल, बाजरीची भाकरी. मांस व्हायला वेळ असतो तोवर पाहुण्यांची सोय झाली.

मांसात हिवाळ्यासाठी माझी पसंती चिकनच्या तंगड्या. दही, कांदा-लसूण मसाला, मीठ लावून रात्रभर, 275-300 वर दीड-दोन तासात काम संपतं. आतलं टेंपरेचर 165 झालं की सेफ होतात पण तंगडी 180 च्या आसपास जास्त चांगली लागते. ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) किंवा पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं) असा मोठा तुकडा करायचा असेल तर 150-170 च्या मध्ये मांसाचं टेंपरेचर तासन् तास अडकतं, पृष्ठभागावरचं पाणी उडून मांस स्वतःलाच थंड करत असतं. मी तिथे सरळ फॉइलमध्ये गुंडाळतो आणि घरातल्या ओव्हनमध्ये 250 ला ढकलतो. प्युरिस्ट लोक नाकं मुरडतील, मुरडू देत, धूर लागून झालेला असतो, पुढे हवी फक्त उष्णता. रात्री दोनला बर्फात कोळसा घालायला कोण जाणार?

झाकणावरच्या थर्मामीटरवर विसंबू नका, तो घुमटातलं सांगतो, जाळीवरचं नाही. दोन प्रोबचा (टोचायच्या सळ्यांचा) डिजिटल थर्मामीटर घ्या आणि त्याचं युनिट घरात किंवा खिशात राहू दे, कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर मान टाकते आणि स्क्रीनवरचे आकडे आळसावतात. झाकण उघडून बघायची सवय मात्र सोडाच, एकदा उघडलं की परत गरम व्हायला मेहनत आणि कोळसा दोन्ही जातं.

घ्यावा का? घरामागे एक कोपरा आडोशाचा असेल किंवा फळ्या उभ्या करायची तयारी असेल तर डोळे मिटून घ्या, 1981 पासून हे डिझाइन उगाच नाही टिकलेलं. फळ्यांची कटकट नको असेल तर जाड सिरॅमिकचा कमाडो (अंड्याच्या आकाराची झाकणाची शेगडी) बघा, त्याला वाऱ्याचं फारसं काही वाटत नाही, फक्त किंमत कित्येक पट आणि उचलायला दोन माणसं. अपार्टमेंटवाल्यांनी आधी लीज वाचा, बाल्कनीत कोळशाला बहुतेक ठिकाणी मनाई असते. साइज 14, 18, 22 असे तीन मिळतात. 14 मध्ये कोळसा कमी मावतो, थंडीत मध्येच भरावा लागतो. 22 चार जणांच्या घराला उगाच, एवढा मोठा पत्रा तापवण्यातच अर्धी गोणी जाते. 18 घ्या, आणि उरलेल्या पैशात प्लायवूड.