ऑर्ग-मोडचे अकरा महिने आणि एक वाकडी रेघ

रात्री अडीचला फर्नेसच्या पॅनेलवर फॉल्ट आला. हाच फॉल्ट सहा महिन्यांपूर्वी आला होता आणि तेव्हा काय केलं ते मी व्यवस्थित लिहून ठेवलं होतं. एका नोट्सच्या ॲपमध्ये. ॲप उघडलं तर म्हणालं, पुन्हा साइन इन करा. आमच्या शेडमध्ये नेटची एक काडी येत नाही. वॉचमनच्या केबिनपर्यंत पळत गेलो, ओटीपी आला तो मुदत संपल्यावर. आत फर्नेसमध्ये मेटल थंड होत होतं आणि मी बाहेर फोन हवेत धरून उभा. शेवटी आमच्या शिफ्ट इलेक्ट्रिशियन मामांनी स्वतःच्या डायरीतून ते पान काढून दिलं.

पुढच्याच आठवड्यात त्या ॲपने वर्षाचे पैसे कार्डावरून कापून घेतले, मागच्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. परत मागितले तर तीन मेलांना तेच एक छापील उत्तर आलं. तेव्हा ठरवलं की आता नोट्स माझ्याच डिस्कवर, साध्या मजकुरात राहणार, आणि त्यासाठी कुणाला एक रुपया देणार नाही. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघतो. ब्रेकडाउनच्या नोंदी, प्रिव्हेंटिव्हचं (बिघाडाआधीच्या देखभालीचं) वेळापत्रक आणि एसओपी, म्हणजे काम करायच्या ठरलेल्या पद्धती, असं तीन प्रकारचं लिखाण रोज असतं. हे तिन्ही गेले अकरा महिने ईमॅक्सच्या ऑर्ग-मोडमध्ये चाललंय. ईमॅक्स म्हणजे साधा मजकूर लिहायचं फुकट सॉफ्टवेअर, आणि ऑर्ग-मोड ही त्यातली नोंदी, कामं आणि तारखा सांभाळायची सोय.

ऑब्सिडियन हे नोट्सचं ॲप का नाही, हा प्रश्न येणारच. वापरून पाहिलं, छान आहे. पण त्याचं सिंक विकत आहे, आणि मला नोटांपेक्षा तारखा सांभाळणारं काहीतरी हवं होतं. ऑर्ग हे कार्स्टन डोमिनिक या ॲमस्टरडॅमच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या सोयीसाठी लिहायला घेतलं. ईमॅक्स तर १९७६ चं. माझ्यापेक्षा वयाने मोठं सॉफ्टवेअर अजून रोज चालतंय आणि पैसे मागत नाही, याचंच मला पहिले दोन महिने कौतुक होतं.

मामांनी पहिल्यांदा स्क्रीन पाहिली तेव्हा विचारलं, "सर, परत डॉसवर आलाय व्हय?"

ईमॅक्समध्ये सारखं कंट्रोल दाबावं लागतं, त्यामुळे पहिला महिना करंगळी दुखली, ते सगळ्यांचंच होतं. कॅप्स लॉकला कंट्रोल केलं की थांबतं. मराठीचं दुखणं वेगळं आहे आणि ते कुणी सांगत नाही. सिस्टिमचा कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर (देवनागरी अक्षरांची ठरलेली मांडणी) ठेवून कंट्रोल-सी दाबलं तर ईमॅक्सला कंट्रोल-म दिसतं, कारण सीच्या जागी तिथे म आहे. मग खाली निर्विकारपणे छापतो की असली काही आज्ञा नाही. उपाय सोपा आहे: सिस्टिमचा कीबोर्ड कायम इंग्रजीत ठेवायचा आणि मराठीसाठी ईमॅक्सच्या पोटातली पद्धत वापरायची, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ. तिथे देवनागरी इन्स्क्रिप्ट आहे, रोमन अक्षरांवरून लिहायचं असेल तर आयट्रान्सही आहे. मी आयट्रान्स घेतलं आणि दोन महिने फर्नेसच्या नोंदी शोधल्या की निम्म्याच सापडायच्या. शेवटी फॉन्ट मोठा करून पाहिलं. एफ दाबला की आयट्रान्स फच्या खाली टिंब देतं, पी-एच दाबला की बिनटिंबाचा फ येतो. माझ्या फायलींत दोन्ही जातींचे फर्नेस सुखाने नांदत होते. सगळे बदलून घेतले आणि इन्स्क्रिप्ट शिकलो, पंधरा दिवसांत हात बसला.

आता ज्याच्यासाठी मी हे सोडणार नाही ते सांगतो. पुन्हा पुन्हा येणारी कामं. ऑर्गमध्ये तारखेच्या पुढे पुनरावृत्ती लिहिता येते, आणि ती तीन प्रकारची असते. नुसतं अधिक, दोन अधिक, आणि टिंब-अधिक. नुसतं अधिक लावलं तर काम झालं म्हटल्यावर तारीख मूळ तारखेपासून एक पाऊल पुढे जाते. तीन महिने बुडवले असतील तर तीनदा झालं म्हणावं लागतं, म्हणजे हप्त्यासारखं. दोन अधिक लावले तर बुडलेले सगळे सोडून थेट पुढच्या येणाऱ्या तारखेवर उडी, वार तोच. सोमवारचं ग्रीसिंग सोमवारीच राहतं. टिंब-अधिक मात्र काम ज्या दिवशी खरंच झालं तिथून मोजतं. कंप्रेसरचं ऑइल वीस दिवस उशिरा बदललं तर पुढचंही वीस दिवसांनी सरकतं. मेंटेनन्सवाल्याला हा फरक रोजच्या पोटापाण्याचा आहे, आणि कुठल्याही फोनच्या रिमाइंडरमध्ये मला तो इतका सरळ मिळाला नव्हता.

यातच मी एक माती खाणार होतो. ईओटी क्रेनची, म्हणजे शेडमध्ये वरून फिरणाऱ्या विजेच्या क्रेनची, तपासणी तेव्हाच्या कारखाना अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे बारा महिन्यांत एकदा कॉम्पिटंट पर्सनकडून (मान्यता असलेल्या तपासनिसाकडून) व्हायला हवी होती. तिला मी दोन अधिक लावले होते, वर्षाची तारीख १५ मार्च. तपासणी या वेळी २४ फेब्रुवारीलाच उरकली. झालं म्हटलं, आणि ऑर्गने पुढच्या वर्षीची तारीख १५ मार्च दाखवली. म्हणजे मधे बारा महिन्यांहून जास्त अंतर! अजेंडा, म्हणजे ऑर्गची तारखेवार कामांची यादी, बघताना सहज लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर इन्स्पेक्टरसमोर "सॉफ्टवेअरने सांगितलं" म्हणत बसलो असतो. सॉफ्टवेअरने बरोबर तेच केलं होतं जे मी लिहिलं होतं. आता तिथे टिंब-अधिक आहे. मुदत असलेलं काम अजेंडात आपोआप चौदा दिवस आधी दिसायला लागतं, क्रेनसाठी ते मी तीस केलंय कारण तपासणीवाल्याची तारीख मिळायलाच तीन आठवडे जातात.

आणि हो, नवख्याला सांगून ठेवतो. अशा कामाला झालं म्हटलं की ते लगेच पुन्हा करायचं होऊन बसतं. बिघडलेलं नाही, तारीख पुढे गेलेली असते. ती बघा. मी एका संध्याकाळी सातवेळा झालं दाबलं होतं आणि कूलिंग टॉवरची साफसफाई सात महिने पुढे ढकलली होती.

कामाच्या अवस्थांची नावंही मराठी ठेवता येतात. माझ्याकडे "करायचं", "स्पेअर यायचंय" आणि "झालं" अशा तीन आहेत. मधली अवस्था सगळ्यात भरलेली असते.

बरं, आता टेबल. ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते हेच.

ऑर्गचं टेबल म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले रकाने. टॅब दाबला की रेघा आपोआप सरळ रेषेत येतात, बेरीज-सरासरी करता येते, इंग्रजीत ते इतकं सुबक दिसतं की डोळ्यांना गारवा वाटतो. मराठी लिहा आणि बघा. प्रत्येक ओळीत रेघ वेगळीकडे. "हायड्रॉलिक पॉवर पॅक" या ओळीत रेघ उजवीकडे, "पंखा" या ओळीत डावीकडे, "शॉट ब्लास्टिंग" कुठेतरी मधेच. कारण समजतं: ऑर्ग रकान्याची रुंदी घरं मोजून ठरवतो, प्रत्येक अक्षराला ठरलेली घरं. जोडाक्षर आणि मात्रा फॉन्टने जुळवून काढल्या की त्यांची रुंदी घरांच्या पटीत राहत नाही. २०२० च्या ईमॅक्स २७ पासून अक्षरं जुळवणारं हार्फबझ आल्यावर अक्षरं दिसायला सुंदर झाली, पण रेघा तशाच वाकड्या. मी फॉन्ट बदलून पाहिले, नोटो, मुक्त, लोहित. एकाने एक ओळ सुधारली, दुसऱ्याने दुसरी, सगळं सरळ कुणी केलं नाही. आणखी एक: टेबलात १२० असं मराठीत लिहिलं तर बेरीज करताना त्याला तो आकडा वाटतच नाही. तारखाही इंग्रजी अंकांतच लागतात. हे मी गिळलं, पण रेघ नाही गिळली.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, आकडे तर बरोबर आहेत ना. आहेत. पण रोज आठ तास ज्या पानाकडे बघायचं ते पान वाकडं असेल तर डोकं तिथेच अडकतं. लेव्हल बघून मशीन बसवणारा माणूस मी. चार महिन्यांनी या एका कारणासाठी मी पुन्हा एक्सेलकडे वळलो होतो, कबूल करतो. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते.

त्या काळात एकदा ग्रीसिंगचं टेबल शॉपफ्लोअरच्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडून छापलं आणि पॅनेलच्या दारावर लावायला दिलं. तासाभराने गेलो तर मामांनी फूटपट्टी आणि लाल पेन घेऊन उभ्या रेघा स्वतः मारल्या होत्या, छापलेल्या रेघांवरून आडव्यातिडव्या काट मारून. "आता कसं, बरं दिसतंय," म्हणाले. मला लाज वाटली.

त्या रात्री शोधत बसलो आणि व्हॅलाइन हे पॅकेज सापडलं. ते घरं मोजतच नाही. पडद्यावरचे पिक्सेल मोजून रिकाम्या जागा ताणतं. बसवलं, फाइल उघडली, आणि रेघा ओळंबा सोडल्यासारख्या सरळ. मी बायकोला उठवून दाखवलं. तिने टेबल बघितलं, घड्याळ बघितलं आणि परत झोपली. तेव्हापासून माझं मत फिरलंय. कुरकुर अजून आहे: फक्त ग्राफिकल ईमॅक्समध्ये चालतं, टर्मिनलवर नाही, आणि दोनशे ओळींच्या टेबलात स्क्रोल करताना हुंदके देतं. मूळ फाइलमध्ये काहीच बदलत नाही, त्यामुळे नोटपॅडमध्ये ती जशी वाकडी होती तशीच वाकडी. पण मी नोटपॅडमध्ये बघत नाही आता. पाचपैकी दोनवरून चारवर.

एसओपीच्या पीडीएफचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे माझे डेटाचे पैसे गेलेत. ऑर्गमधून थेट लाटेक (छपाईची मांडणी करणारी प्रणाली) होऊन पीडीएफ निघते, पण मुळातली सेटिंग पीडीएफलाटेकची असते आणि ते मराठीच्या पहिल्याच अक्षराला एरर देतं. झीलाटेक लावायचं आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्यायचं, एवढंच आहे. मला ते माहीत नव्हतं, म्हणून लाटेकचा अख्खा संच, टेक लाइव्ह, उतरवायला घेतला. काही जीबींचा पसारा, आणि माझ्या पॅकमध्ये रोजचा दीड जीबी. चार दिवस फोनवर काही बघितलं नाही. नंतर कळलं, उबंटूवर झीटेकचं वेगळं छोटं पॅकेज आहे, तेवढ्यात भागलं असतं. आपण तरी तेवढंच घ्या. पीडीएफमध्ये टेबल सरळ येतं हे वेगळं सांगायला नको. क्वालिटीवाल्यांना वर्डच हवं असतं, त्यांना ओडीटी (लिब्रेऑफिसची फाइल) काढून लिब्रेऑफिसमधून वर्ड करून देतो. हे ऑर्गमधून येतं याचा त्यांना अजून पत्ता नाही.

एक अनपेक्षित फायदा. ब्रेकडाउन सुरू झाला की त्या नोंदीवर घड्याळ सुरू करायचं, संपला की बंद. महिन्याच्या शेवटी एका ओळीत सगळ्यांची बेरीज टेबल होऊन येते. मार्चमध्ये एकट्या हायड्रॉलिक पंपावर ९ तास ४० मिनिटं गेली होती. ते टेबल साहेबांसमोर ठेवलं. दोन वर्षं तोंडी मागत असलेला नवा पंप दहा दिवसांत मंजूर झाला. अर्थात त्यांनी आधी विचारलं, हे एक्सेलमध्ये मिळेल का. सीएसव्ही काढून दिलं.

फोनवर ऑर्गच्या फायली उघडणारं ऑर्गझ्ली रिव्हाइव्ह्ड हे ॲप आहे आणि फायली सिंकथिंगने थेट कॉम्प्युटर ते फोन जातात-येतात, मधे कुणाचा सर्व्हर नाही, ओटीपी नाही. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड ॲप २०२४ च्या डिसेंबरात थांबलं, आता त्याचा फोर्क, म्हणजे त्याच्यावरून दुसऱ्यांनी चालू ठेवलेलं ॲप, वापरतो. शेडमध्ये दोघांनी एकच फाइल बदलली की दुसरी कॉन्फ्लिक्टची फाइल तयार होते, ती आठवड्यातून एकदा हाताने मिटवावी लागते. हे मी एका टिंब-अधिक कामातच टाकलंय.

गेल्या महिन्यात मामांच्या फोनवरही ऑर्गझ्ली घालून दिलं. शिकवताना एकच सूचना दिली: यात टेबल उघडायचं नाही, तिथे ते नुसता मजकूर म्हणून दिसतं आणि मराठीत रेघा वाकड्या येतात. त्यांनी लगेच तेच उघडलं, फोन आडवा करून बघितला, मग उभा करून बघितला, आणि खिशातली डायरी काढली.